कोरा पार्ट

पावसात लोकांची वाट लागते तेव्हा लवू पालवची चूल पेटते, असं विक्रोळीच्या पार्कसाइटच्या चढावर सगळेच म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आषाढात डोंगरावरून पाण्याचे लोंढे खाली येत, गुडघाभर पाण्यातून मोटारसायकली हाकल्या जात, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा हॉर्न मुका, कुणाचा दिवा आंधळा, तर कुणाची गाडी किक मारून मारून पाय सुजला तरी ढिम्म. मग ती ढकलत ढकलत कुंपणाच्या भिंतीला बांधलेल्या निळ्या ताडपत्रीखाली यायची. तिथे लवू पाट टाकून बसलेला असायचा. पोटऱ्या चिखलाने माखलेल्या, बोटांची पेरं भिजून पांढरी पडलेली, ओठावर वायरीचं साल चिकटलेलं. वायर तो दातांनीच सोलायचा. त्यापायी पुढचा एक दात झिजून पाचरीसारखा झाला होता.

शोरूमवाले जिथे 'अख्खं वायरिंग बदलावं लागेल' म्हणून हात वर करायचे, तिथे लवू भलत्याच गाडीचा भलताच पार्ट बसवून गाडी रस्त्याला लावायचा. टेम्पोचा फ्लॅशर मोटारसायकलला, या कंपनीचा रिले त्या कंपनीच्या गाडीला. सगळा लोकल माल. डब्यावर नाव नाही, आणि असलं तर कुणी ऐकलेलं नाही. लोक त्याला 'लोकल लवू' म्हणत. तो रागवायचा नाही. गरिबाच्या गाडीला आडनाव कशाला हवं, असं म्हणून हसायचा.

पण त्याची एक रीत होती आणि ती चढावर दुसऱ्या कुणाची नव्हती. भिंतीला लागून विटांवर चढवलेलं एका जुन्या मोटारसायकलचं धूड उभं होतं. सीट नाही, पुढचं चाक नाही, पण इंजिन जिवंत. कुठलाही लोकल रेग्युलेटर आला की लवू तो आधी या धुडाला जोडायचा. इंजिनातून येणाऱ्या करंटला वेसण घालतो तो हा रेग्युलेटर. तो बिथरला की बॅटरी उकळते, दिवे फुटतात, गाडी जागच्या जागी मरते. लवू त्याला गोणपाटात गुंडाळायचा, इंजिन चालू ठेवायचा आणि हात लावल्यावर चटका बसेपर्यंत तापवायचा. कच्चा माल तिथेच प्राण सोडायचा. जो तगला तोच गिऱ्हाइकाच्या गाडीला. बैल बाजारात बघू नये, नांगराला जुंपून बघावा, असं त्याचा आजा म्हणायचा. बैल आज्याबरोबर गेले, गिरणी बापाबरोबर गेली, लवूच्या वाट्याला हे धूड आलं.

यंदा श्रावण अधिक आला होता. श्रुतिकाच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, वाण द्यायचं. लवूची बायको रत्नप्रभा कॉलनीतल्या घरांतून चपात्या लाटायची. लाटता लाटता तिने सगळं मनात ठरवून ठेवलं होतं, फक्त वाण काय द्यायचं ते ठरत नव्हतं. ते श्रुतिकानेच फोनवर ठरवलं.

"आई, ताटं-वाट्या काही नको. बाबांना सांग, ह्यांची गाडी नीट करून द्या. पहाटे अंधारात निघतात आणि दिवा कधी भक्कन मोठा होतो, कधी जातोच. माझा जीव टांगणीला असतो गं."

जावई सर्वेश भांडुपला टेकडीच्या चाळीत राहायचा. एका लॅबसाठी तो पहाटे पवईच्या टॉवरांतून फिरून लोकांचं रक्त काढून आणायचा. मोठ्या माणसांना उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं आणि ऑफिस गाठायचं असतं, म्हणून सर्वेशची धावपळ उजाडायच्या आधीपासून. गाडी नाही तर नोकरी नाही.

"रेग्युलेटर गेलो आसतलो," लवू लगेच म्हणाला. "माझ्याकडे एक आसा. कालच तापवन ठेवलंय. एकदम कडक."

रत्नप्रभाने पोळपाट बाजूला सारला. "वाण म्हणान देतलास आणि उष्टो पार्ट?"

"उष्टो कसलो? तापवलेलो आसा."

"म्हणजे वापरलेलो मा? आणि वर लोकल! जावयाक? तेची आई कमलबाय काय म्हणतली? पालवांनी चढावरच्या लोकांक लावल्यानी तोच मुलीच्या घोवाक लावल्यानी." तिचे डोळे भरून आले. "एक दिवस तरी कोरा काय तरी देवा ओ."

लवूला ते लागलं. आयुष्यभर हसण्यावारी नेलेलं 'लोकल' हे नाव बायकोच्या तोंडून आलं तेव्हा पहिल्यांदा बोचलं.

दुसऱ्या दिवशी ताडपत्रीखालचं काम टाकून तो घाटकोपरला धवलच्या दुकानात गेला. धवलच्या बापापासून तो तिथूनच माल घ्यायचा. त्याने कंपनीचा रेग्युलेटर मागितला तसा धवल काउंटरवर ओणवा होऊन त्याच्याकडे बघत राहिला.

"लवूभाई, आज सूरज कुठून उगवला?"

"जावयाचा आहे. एकदम ओरिजिनल दे."

धवलने वरच्या फळीवरून डबा काढला. त्याला सील, सीलवर चमचमणारी चिकटपट्टी. लवूने डबा उलटा-सुलटा करून पाहिला. बिल पाहिजे का, असं धवलने सवयीने विचारलं आणि लवूने सवयीने मान हलवली. त्यांच्या व्यवहारात बिल कधी नव्हतंच. डबा भिजू नये म्हणून त्याने तो बनियनच्या आत घातला आणि छातीशी धरून घरी आणला.

रविवारी सर्वेश आणि श्रुतिका आले. पुरणाचे धोंडे, काळ्या वाटाण्याची उसळ, सगळं झालं. रत्नप्रभाने ताटात धोंडे रचले, त्यांच्या शेजारी तो डबा ठेवला, डब्याला कुंकू लावलं आणि निरांजनाने जावयाला ओवाळलं. सर्वेश साधा पोरगा. लाजून म्हणाला, "बाबा, एवढं कशाला? तुमचा तो नेहमीचा पण चालला असता."

"तुझ्यासाठी नाही चालत," लवू म्हणाला. त्या वेळी त्याची छाती खरंच फुगली होती.

ताडपत्रीखाली त्याने सर्वेशच्या समोर सील फोडलं. पार्ट जड, गुळगुळीत, हाताला गार. त्याने तो बसवला, गाडी चालू केली, बॅटरीवर मीटर लावला. काटा नेमका जिथे हवा तिथे. तरी त्याचा हात आपसूक भिंतीकडच्या धुडाकडे वळला. काढावा, थोडा तापवून घ्यावा आणि मग पुन्हा बसवावा. पण रत्नप्रभा ताट घेऊन दारात उभी होती, डब्यावरचं कुंकू अजून ओलं होतं. वाणाची कसली परीक्षा घ्यायची? आणि कंपनीच्या मालाची परीक्षा घेणारे आपण कोण? लवूने हात मागे घेतला आणि फडक्याला पुसला.

आठवडाभरात पहाटे फोन आला. पवईच्या तलावाजवळच्या उतारावर सर्वेशच्या गाडीचा दिवा पांढराफटक पेटला, फुटला, आणि गाडी तिथेच मेली. पाऊस धो धो, सगळा काळोख. मागच्या टेम्पोला ती दिसलीच नाही. सर्वेश वाचला. उजवा पाय गुडघ्यातून चेचला. डॉक्टरांनी आत सळ्या घातल्या आणि सांगितलं, चालेल, पण गुडघा पूर्वीसारखा वाकायचा नाही. टॉवरांचे जिने चढणारा, किक मारणारा पाय तो. लॅबवाल्यांनी फळं पाठवली आणि त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला.

मोडकी गाडी हातगाडीवरून लवूकडे आली. रांगेत उभी असलेली बाकीची कामं सोडून तो तिच्यापुढे बसला. रेग्युलेटर काढला. आतले भाग झाकायला त्याच्या पाठीवर ओतलेला मसाला पातळ होऊन ओघळला होता. लवूने छिन्नी लावून तो फोडला. कंपनीचा मसाला दगडासारखा असतो, छिन्नीला दाद देत नाही. हे आत नुसतं डांबर होतं, आणि डांबरात नखाएवढे दोन-चार तुकडे. त्याच्या लोकल मालातही यापेक्षा जास्त जीव असायचा. वरचा डबा, सील, पट्टी, सगळं नाटक होतं.

हे धुडावर चढवलं असतं तर बिडी ओढून होईपर्यंत मेलं असतं. हे कळायला लवूला क्षणही लागला नाही आणि ते कळल्यावर त्याला उठता येईना. हजार लोकांचे पार्ट त्याने तापवले होते. एकच तापवला नव्हता. तो गुडघ्यात डोकं घालून रडला. गाडी घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक ते बघून न बोलता परत गेलं.

तो फुटका पार्ट रुमालात बांधून तो धवलकडे गेला. दुकानात गर्दी होती. धवलने रुमालात डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हा माझा नाही."

"तूच दिलास, धवल. ह्याच फळीवरून."

"बिल दाखव ना, लवूभाई. आहे बिल?"

धवल काही राक्षस नव्हता. त्यालाही कुणी तरी तो डबा विकला असणार आणि हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसतही होतं. पण दुकान चालवायचं होतं. तो लवूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऐक माझं. तू जनमभर लोकल लावणारा माणूस. उद्या मी बोंबलून सांगितलं की लवूने ओरिजिनल नेला, तरी कोण मानेल?"

आणि खरोखरच कुणी मानलं नाही. भांडुपला सर्वेशची आई कमल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की व्याह्याने लोकल पार्ट घालून पोराचा पाय घालवला. सर्वेश खाटेवरून म्हणाला की आई, मी सील फोडताना पाहिलंय. त्यावर शेजारचा एक रिक्षावाला हसला. कंपनीच्या रिकाम्या डब्यात लोकल भरून सील मारून देतात, मेकॅनिकांना हे काय शिकवायला लागतं? मग सर्वेशही गप्प झाला. लवू दोनदा बोलायला गेला आणि दोन्ही वेळा दारातूनच परत फिरला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी श्रुतिका चढ चढून ताडपत्रीखाली आली. छत्री असून भिजलेली. ती पाटावर बसली नाही, धुडाला टेकून उभी राहिली. गालांची हाडं वर आली होती.

"बाबा, मला ठाऊक आहे, तुम्ही ओरिजिनल म्हणूनच आणला होतात."

लवूला वाटलं, आपण आता पुन्हा रडणार. इतक्या दिवसांत हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं नव्हतं. रत्नप्रभानेसुद्धा नाही.

"पण तुम्ही लोकल होता म्हणून सांगा."

"काय?"

"रविवारी त्यांच्या गावच्या मंडळाची माणसं घरी येणारेत. अनंतकाका गाऱ्हाणं घालणार. देवापुढे नारळ ठेवून तुम्हाला विचारणार." ती भरभर बोलत होती, जणू वाटभर पाठ करत आली होती. "तुम्ही नाही म्हणालात, तर पार्ट चांगला होता असं होईल. मग पाय कशाने गेला? कोणामुळे गेला?"

लवूने हातातला पाना खाली ठेवला.

"गावावरून त्यांची काकू आलीय. ती पहिल्याच दिवशी बोलली, पोरीचा पायगुण बघा, वर्ष सरायच्या आत घोवाचा पाय खाल्ला. तेव्हापासून माझ्या हातचं पाणी ह्यांना द्यायचं नाही. खोलीत जायचं नाही. मी बाहेर मोरीजवळ झोपते, बाबा. ह्यांनी हाक मारली तरी आई मध्ये येतात." तिने ओठ दाबून धरले. "पार्टामुळे झालं तर पार्टामुळे झालं. नाहीतर माझ्यामुळे झालं. तुम्हाला दुकानात फसवलं, असं तिसरं काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही."

"अगो, पण देवाच्या म्होरं..."

"माहीत आहे."

पाऊस ताडपत्रीच्या पोटात साठला होता. लवूने सवयीने काठीने ती वर ढोसली, पाणी धबकन रस्त्यावर पडलं. देवाच्या नारळावर त्याच्या घराण्यात कुणी खोटं बोललेलं नव्हतं. त्याच्या बापाने तर नारळावर खरं बोलून सख्ख्या भावाची जमीन भावाला परत केली होती. माणसाने गिऱ्हाइकाशी थोडं इकडचं तिकडे करावं, धंदा आहे. देवाशी नाही. पण समोर पोरगी उभी होती आणि तिच्या पायांना मोरीची बुळबुळ लागून चिखल्या झालेल्या त्याला दिसत होत्या.

"जा तू," तो म्हणाला. "येतंय मी रविवारी."

रविवारी रत्नप्रभा म्हणाली, मीही येते. त्याने नको म्हटलं. तिने जास्त आग्रह धरला नाही. कोऱ्याचा हट्ट आपण धरला हे तिला आतून खात होतं, आणि लवूने त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता, ते तिला जास्तच खात होतं.

भांडुपच्या त्या खोलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसली होती. बरेचसे चेहरे लवूच्या ओळखीचे, कित्येकांच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. भिंतीशी खाटेवर सर्वेश, पाय उशीवर. श्रुतिका मोरीच्या कठड्याला धरून. देवीच्या तसबिरीपुढे पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ. लवूला बसायला कुणी चटई दिली नाही. तो उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसला. पँटीतून गळणाऱ्या पाण्याचं थारोळं त्याच्याभोवती झालं, तेव्हा काकू म्हणाली, "फडक्या टाका गो तेंच्याखाली, लादी नासतली." एका बाईने फडकं फेकलं आणि त्याने ते स्वतःच्या खाली सारून घेतलं.

अनंतकाका म्हातारे, दम्याचे. पण गाऱ्हाण्याला उभे राहिले तसा त्यांचा आवाज खणखणीत झाला.

"बा देवी सातेरी, रवळनाथा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" खोली एका आवाजात म्हणाली.

"आज तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे ह्यो नारळ ठेवलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"जा काय खरा आसात, ता ह्या माणसाच्या तोंडातसून येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लवूही त्यांच्याबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणाला. लहानपणापासूनची सवय. काकांनी खूण केली तसा तो गुडघ्यांवर पुढे सरकला आणि नारळावर हात ठेवला. हाताला तेलाचा काळा रंग कायमचा बसलेला. नारळाची शेंडी बोटांना टोचली. त्याने एकदा तसबिरीकडे पाहिलं. देवीचे डोळे उघडेच होते.

"सर्वेशच्या गाडयेक मी लोकल पार्ट घातलंय," तो म्हणाला. आवाज बसला होता, म्हणून तो परत मोठ्याने म्हणाला. "डबो कंपनीचो, आतलो माल लोकल. तापवूकय नाय. सगळी चूक माझी. माझ्या चेडवाचो ह्याच्यात काय एक दोष नाय."

एवढ्या बोलण्यात पार्ट न तापवल्याचं आणि पोरीचं, तेवढं खरं होतं. बाकीचं, आपणच जाणूनबुजून लोकल माल घातल्याचं, तो देवीच्या तोंडावर खोटं बोलला होता आणि काहीच झालं नाही. दिवा तसाच जळत राहिला. याचंच त्याला जास्त भय वाटलं.

"बघितलात मा?" कमल किंचाळली आणि रडायला लागली. "मी सांगत होतंय. स्वतःच्या जावयाक, ओ! जावयाक!"

खाटेवर सर्वेशने तोंड भिंतीकडे केलं. मागे बसलेला एक जण शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "माझ्या गाडयेतलो पण ह्यांनीच बसवलेलो." आणि उठून बाहेर गेला. त्याच्यामागे अजून एक. पावसात उभ्या केलेल्या आपापल्या गाड्या चालू करून दिवे बघण्याचा आवाज खालून आला. तुमचे सगळे तापवलेले आहेत, असं लवूला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ज्या तोंडाने आताच जावयाचा पार्ट न तापवल्याचं कबूल केलं होतं, त्याच तोंडाने हे सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं?

काकू मान हलवत म्हणाली, "मगे पोरीक कित्याक बोल लावलो?" जणू बोल दुसऱ्याच कुणी लावला होता. कमलने डोळे पुसले. मग जमिनीकडे बघतच म्हणाली, "श्रुतिका, सर्वेशाक पाणी दी गो."

श्रुतिकाने तांब्या उचलला. लवूने तिला खाटेकडे जाताना पाहिलं. सर्वेशने तिच्या हातून पेला घेतला आणि पाणी प्यायला. तो घोट लवूच्या घशाखाली उतरल्यासारखा झाला. जे करायला आलो ते झालं, असं मनाशी म्हणून तो उठायला लागला.

"आणि तुमी," कमल त्याला म्हणाली, "तुमी ह्या दाराक परत पाय लावू नकात. तिका माहेराक पाठवूचंय नाय, तुमी येव नकात. संपला."

अनंतकाकांनी काही म्हणायला तोंड उघडलं आणि खोकला आला म्हणून मिटलं. लवूने सगळ्यांना हात जोडले. कुणी उलट हात जोडले नाहीत.

जिन्याच्या तोंडाशी तो चपला शोधत होता, तेव्हा श्रुतिका त्याची छत्री घेऊन मागून आली. तिने डोक्यावरून पदर घेतला होता. आत कपबशा मांडल्याचा आवाज येत होता.

"जा गो मागे," लवू कुजबुजला. "सासू बघीत."

ती गेली नाही. छत्रीची मूठ तिने सोडलीही नाही. ती त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती की लवूला वाटलं, आता ही पाया पडेल.

"बाबा, तुम्ही देवासमोर कधीच खोटं बोलत नाही."

लवूने तिच्याकडे पाहिलं.

"मी सांगितलं तुम्हाला, ते ठीक. पण तुम्ही नारळावर हात ठेवलात. एवढं स्पष्ट बोललात, डब्याचं, आतल्या मालाचं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "खरंच लोकल होता?"

नाही म्हटलं असतं तर सगळं सुटलं असतं. पण मग बापाने आपल्यापायी देवीसमोर खोटी शपथ घेतली हे तिला कळलं असतं. कधी घरात मूल आजारी पडलं, कधी काही वाईट झालं, तर ती मनातल्या मनात त्या नारळाकडे बोट दाखवत राहिली असती. पायगुण एका दाराने गेला असता आणि हे दुसऱ्या दाराने आत आलं असतं. लवूने चपला पायांत सरकवल्या.

"होय," तो म्हणाला.

श्रुतिकाने छत्री त्याच्या हातात दिली.

"माझ्या नवऱ्यालासुद्धा, बाबा?" ती म्हणाली, आणि वळून घरात गेली.